माझ्यावर राहिलेली ओल

मी गाळणी बोलतेय. चहाची गाळणी डोळ्यांपुढे आणू नका. मी चिनी मातीची आहे, पांढरी, जेवणाच्या ताटाएवढी रुंद. तळाला बारीक भोकं आणि खाली आखूड नळी. लॅबमध्ये मला फनेल म्हणतात. बेंगळूरला येलहंक्याच्या जुन्या गावापलीकडे, लेथ मशिनींच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर एक खाजगी प्रयोगशाळा आहे. ठिकठिकाणच्या खाणी तिथं आपली दगडमाती तपासायला पाठवतात. तिथल्या सिंकशेजारच्या कट्ट्यावर माझी अकरा वर्षं गेली.

चिनी मातीला राग येत नाही असं तुम्हाला वाटत असेल. अकरा वर्षं लोकांचा चिखल डोक्यावर घ्या, मग बोलू.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका भट्टीतला. तिथलं फार काही आठवत नाही. ओल्या मातीवर पडलेला साच्याचा दाब आठवतो, आणि आच. माझ्याबरोबर भाजलेल्या चौघी भोकांपाशी तडकल्या, मी टिकले. पेंढ्यात बांधून मला रेल्वेनं इकडे आणलं. चिकपेठेमागच्या एका दुकानात सहा महिने धूळ खाल्ली आणि मग या कट्ट्यावर आले.

माझं काम सांगायला सोपं आहे. मला एका जाड काचेच्या फ्लास्कवर बसवतात. माझ्या तळाशी कापडाची चकती अंथरतात आणि वरून खाणीतला चिखल ओततात. खाली पंप सुरू होतो आणि पाणी ओढून घेतो. पाणी फ्लास्कमध्ये पडतं, माती माझ्यावर राहते, लाल भाकरीसारखी. तिला इथं सगळे केक म्हणतात. किती वेळात पाणी उतरलं हे घड्याळावर बघायचं, आणि केकमध्ये किती पाणी राहिलं हे तो ओव्हनमध्ये सुकवून काट्यावर बघायचं.

घड्याळ लगेच उत्तर देतं. काटा दुसऱ्या दिवशी देतो. माणसांचं आणि माझं बिनसलं ते इथंच.

मला धुणारा माणूस एकच, पिराजी. वय सत्तावन्न. त्याचं घराणं बेंगळूरचंच, किती पिढ्या ते त्यालाही सांगता येत नाही. घरात मराठी बोलतात, पण दर चार शब्दांत एक कानडी असतो. मला धुताना तो माझ्याशी बोलायचा. "स्वल्प सरळ बस गं," म्हणायचा, मी हातातून निसटले की.

शिवलीला आली ती चार वर्षांपूर्वी. निपाणीची मुलगी, धारवाडला रसायनशास्त्र शिकलेली. मल्लेश्वरमला मावशीकडे राहायची आणि रोज बसनं यायची. हेब्बाळच्या पुलावर बस अडकली की धापा टाकत जिना चढायची. पहिल्या दिवशी तिनं मला उचलून खिडकीकडे धरलं आणि एकेका भोकातून उजेड येतो का ते बघितलं. तीन भोकं बुजलेली होती. तिनं ओढणीची पिन काढून ती मोकळी केली. अकरा वर्षांत असं दुसऱ्या कुणी केलं नाही.

प्रयोगशाळेचे प्रमुख कृष्णमूर्ती सर. तीस वर्षं खाणींत काढलेला माणूस. वाईट नाहीत, हे आधीच सांगते. पण टेबलावरचा कागद पुढे सरकला की त्यांना बरं वाटतं.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर बळ्ळारीकडच्या एका लोखंडाच्या खाणीतून चार पिंपं आली. पिराजीनं झाकण उघडलं आणि आत बोट बुडवलं. हात कोपरापर्यंत लाल झाल्यासारखा वाटावा इतकी चिकट, बारीक माती.

"अक्का, ही पिठाहून बारीक की हो," तो शिवलीलाला म्हणाला. ती त्याच्या मुलीच्या वयाची, पण तो तिला अक्का म्हणायचा आणि ती त्याला अण्णा.

खाणीची अडचण अशी होती. खनिज धुतल्यावर जो पातळ लाल चिखल उरतो, तो ते एका मोठ्या तलावात सोडत. तलावाला मातीचा बांध, बांधाखाली गाव. आधीच्या पावसाळ्यात बांध झिरपला आणि दोन विहिरींचं पाणी लाल झालं. तलाव आता काठोकाठ होता. म्हणून चिखलातलं पाणी काढून टाकायचं आणि कोरड्या मातीचा ढीग रचायचा असं ठरलं. त्यासाठी गाळण्याचं मोठं मशीनही आलं होतं. पण ही माती इतकी बारीक की पाणी सोडता सोडत नाही. पावसाळ्याआधी उरकायचं, तर चिखलात एखादं औषध घालून पाणी लवकर काढता येईल का, हे बघायला आम्हाला सांगितलं होतं.

नुसता चिखल माझ्यावर ओतला तेव्हा पाणी उतरायला सोळा मिनिटं लागली. सोळा मिनिटं पंप घुरघुरत होता आणि शिवलीला हाताची घडी घालून उभी होती.

मग अमित आला. पुण्याचा, एका केमिकल कंपनीचा माणूस. इस्त्रीचा शर्ट, बॅगेत सहा बाटल्या.

"मॅम, तुम्ही मराठी? वा, मग टेन्शनच नाही! हे आमचं बेस्ट प्रॉडक्ट. लिटरमध्ये अगदी एवढंसं. स्लो मिक्स करा आणि बघा."

शिवलीलानं औषध घातलं, काचेच्या कांडीनं हळूहळू ढवळलं. मातीच्या कणांनी एकमेकांचे हात धरले. बघता बघता चिखलात साबुदाण्याएवढ्या गुठळ्या झाल्या आणि मध्ये स्वच्छ पाणी दिसू लागलं. तो चिखल माझ्यावर ओतला. दोन मिनिटांच्या आत फ्लास्क भरला.

कृष्णमूर्ती सर खुर्चीवरून उठून आले. खाणीचे मॅनेजर व्हिडिओवर बघत होते, त्यांनी तिकडून टाळ्या वाजवल्या. सगळ्यांचे डोळे फ्लास्ककडे होते. माझ्याकडे कुणी बघितलं नाही. माझ्यावर केक बसला होता, फुगलेला, जड. प्रत्येक गुठळीनं आपल्या पोटात पाण्याचा एक थेंब धरून ठेवला होता, तो पंपाला दिसत नव्हता. मला वजन कळत होतं. मी ओरडणार कशी? मला तोंड आहे, पण ते ओतण्यासाठी.

दुसऱ्या दिवशी शिवलीलानं सुकलेला केक काट्यावर ठेवला. तेवढ्यात जवळच्या तळावरचं हवाई दलाचं विमान डोक्यावरून गेलं, काचा थरथरल्या, आकडा नाचायला लागला. ती थांबली. आकडा स्थिर झाला. तिनं हिशेब केला, खोडला, परत केला.

औषधाशिवाय केकमध्ये ओल एकोणीस टक्के होती. औषध घातल्यावर चोवीस. ढीग रचायचा तर सोळाच्या आत हवी.

ती सरांच्या टेबलाशी गेली. दोघं कानडीत बोलले, मी मराठीत सांगते.

"सर, पाणी लवकर निघतंय, पण कमी निघतंय. ही माती रचली तर उभी राहायची नाही."

"त्यांनी आपल्याला काय विचारलंय? वेळ किती वाचेल. मशीन त्यांनी आधीच घेतलंय, ते लहान आहे. त्यांची घाई वेळेची आहे."

"पण ओली माती रचून ते करणार काय?"

"ते त्यांचे इंजिनिअर बघतील. मी तुला आकडा लपव म्हणत नाही. घाल ना रिपोर्टात."

आकडा रिपोर्टात गेला. एकतिसाव्या पानावर, तक्त्याच्या सहाव्या ओळीत. पहिल्या पानावर ठळक अक्षरात दोन मिनिटं होती.

शिवलीला स्वस्थ बसली नाही. रोजचं काम उरकलं की ती माझ्याकडे यायची. औषध कमी करून बघितलं. जास्त घातलं तेव्हा चिखल शेंबडासारखा झाला आणि कापडाला असा चिकटला की सोडवता सोडवेना. जोरात ढवळलं तेव्हा गुठळ्या फुटल्या आणि परत सोळा मिनिटं. हळू ढवळलं. दोनदा थोडं थोडं घातलं. दर वेळी मला धुवायचं, कापड बदलायचं, ओव्हन, काटा, विमान. तेवीस. बावीस. तेवीस.

मग तिला साबणाची आठवण झाली. एका संशोधन लेखात तिनं वाचलं होतं की पाणी मातीच्या बारीक भेगांना चिकटून बसतं, आणि साबणासारखं एखादं द्रव्य मिसळलं तर ती चिकटण्याची ताकद कमी होते. तिनं कपाटातलं तसलं एक द्रव्य घेतलं. आधी अमितचं औषध, मग पाणी उतरत आलं की वरून साबणाचं पाणी. दुसऱ्या दिवशी काट्यावर साडेपंधरा.

त्या दिवशी ती बेकरीतून खारी बिस्किटं घेऊन आली. पिराजीनं दोन खिशात टाकली. मलाही हलकं वाटलं, खरंच हलकं. केक असा निघाला की एक टिचकी मारली आणि सुटला.

"आता खाणीतल्या पाण्यात करून बघू," ती म्हणाली. कारण तोवर पातळ करायला आमच्या नळाचंच पाणी वापरलं होतं. तिनं खाणीला पत्र लिहिलं. पाण्याचं पिंप यायला तीन आठवडे लागले. आलं, तिनं तोच प्रयोग केला, साबण ओतला, आणि माझ्यावर पांढरी साय धरली. नासलेल्या दुधासारखी. भोकं बुजली, पंप गुदमरला, पाणी अडलं.

बावीस टक्के.

तिनं परत केलं. परत साय. तिसऱ्या खेपेला केक कापडासकट मला चिकटला. तिनं मला उलटं केलं आणि सिंकच्या कडेवर आपटलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आपटलं तेव्हा माझ्या काठापासून तळापर्यंत केसाएवढी चीर गेली. आवाज बारीक होता, पण तिला ऐकू आला. तिनं मला सरळ केलं, चिरेवरून अंगठा फिरवला आणि तिथंच स्टुलावर बसून रडली.

पिराजी मॉप घेऊन आला होता. त्यानं पांढऱ्या सायीकडे बघितलं.

"अक्का, पाण्यात सुण्णा आहे काय? चुना?"

"असणार. तिकडे चुना घालतात पाण्यात."

"मग साबण फाटतोच की. आमच्या घरी बोअरचं पाणी हाय, फेसच धरत नाही. असली साय रोज बघतो मी. मला विचारायचं न्हवं का?"

शिवलीला रडता रडता हसली. मला हसू आलं नाही. तीन आठवडे गेले होते, आणि मला चीर पडली होती.

पिराजीनं मेणबत्ती वितळवून ती चीर बुजवली. शिवलीलानं अमितला फोन लावला.

"चुन्याला न घाबरणारं? आहे ना मॅम. वेगळ्या टाईपचं असतं. सॅम्पल पाठवतो."

"तुमच्या पहिल्या औषधानं ओल वाढते हे तुम्हाला माहीत होतं का?"

"मॅम, आमचं औषध पाणी लवकर काढतं. सगळं काढतं असं मी कधीच म्हटलं नाही. कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. डेमोला सगळे इतके खूश होते..."

नवं सॅम्पल आलं. खाणीच्या पाण्यात साय धरली नाही. दोन्ही औषधं मिळून तीन मिनिटं लागली आणि ओल साडेपंधरा. तिनं आठ वेळा करून बघितलं. आठही वेळा सोळाच्या आत.

पण रिपोर्ट केव्हाच गेला होता. तिकडे मशीन सुरू झालं होतं. पाणी भराभर निघत होतं आणि सगळे समाधानी होते. शिवलीलानं मेल लिहिला. उत्तर आलं, "नोटेड." दुसरा लिहिला. "नोटेड, थँक यू." तिसऱ्याला उत्तर आलं नाही. सर म्हणाले, "पावसाळा होऊ दे, मग मी बोलतो त्यांच्याशी."

माणसांची ही सवय मी पुष्कळ बघितली. ऐकलं असं कळवलं की ऐकण्याचं काम संपलं.

जुलैमध्ये ढीग घसरला.

महांतेश नावाचा लोडर चालवणारा माणूस ढिगाच्या पायथ्याशी होता. अथणीकडचा, बत्तीस वर्षांचा. वरची माती उन्हानं सुकलेली, आत चिखल. ती लोडरसकट त्याच्या अंगावर आली. कमरेपर्यंत गाडला गेला. लोकांनी हातांनी उकरून त्याला काढलं. जीव वाचला, उजवा पाय तीन ठिकाणी मोडला. ऑपरेशनसाठी त्याला बेंगळूरला, हेब्बाळच्या एका हॉस्पिटलात आणलं.

हे आम्हाला कळलं ते खाणीच्या पत्रातून. अपघाताची चौकशी चालू आहे, मातीची ओल योग्य मर्यादेत होती असं प्रयोगशाळेनं लिहून द्यावं, असं पत्रात होतं. ड्रायव्हरनं ढिगाच्या फार जवळ लोडर नेला, असंही होतं.

शिवलीला ते पत्र वाचून पर्स उचलून निघून गेली. दुपारी परत आली तेव्हा पिराजी मला धूत होता. ती सिंकला टेकून उभी राहिली.

"महांतेशला भेटून आले, अण्णा."

"कसा हाय?"

"बोलतोय. त्याची बायको होती बसलेली. मी सांगितलं, मी लॅबमधली. तो म्हणाला, मॅडम, माती वरून चांगली वाळल्याली दिसत होती. आत ओली हाय हे कुणाला म्हाईत होतं काय?"

पिराजीनं नळ बंद केला.

"मी म्हटलं, मला होतं."

"तसं म्हणालात त्याला?"

"मग काय म्हणू?"

"तो काय बोलला?"

"बायको उठून बाहेर गेली."

ती सरांच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं. तिनं नवा रिपोर्ट टेबलावर ठेवला. पहिल्याच पानावर, पहिल्याच ओळीत ओल होती. पहिल्या औषधानं चोवीस, दोन औषधांनी साडेपंधरा, आणि ही माहिती खाणीला कोणत्या तारखांना कळवली ते.

"हे पाठवलं तर ते परत आपल्याकडे काम देणार नाहीत," सर म्हणाले.

"आणि मर्यादेत होती असं लिहिलं तर दोष महांतेशवर जाईल."

"मी आकडा लपवला नव्हता."

"नाही सर. एकतिसाव्या पानावर ठेवला होता. मीच टाइप केला."

दोन दिवस तो रिपोर्ट टेबलावर पडून राहिला. त्या दोन दिवसांत मी आतून जळत होते, पुन्हा भट्टीत घातल्यासारखी. तिसऱ्या दिवशी त्यांनी सही केली. "वेळेवर लक्ष दिलं असतं तर अपघात टळला असता," हे एक वाक्य मात्र खोडलं. शिवलीलानं ते खोडलेलं वाक्य बघितलं आणि रिपोर्ट पाठवला. तेवढ्यावर तिला भागवावं लागलं. मला नसतं भागवता आलं.

चौकशीत महांतेशवरचा ठपका दूर झाला. खाणीनं दुसरं औषध घ्यायला सुरुवात केली, तीही शिवलीलानं सांगितलं त्याच्या अर्ध्या मापानं. तिकडे ओल सतरा येते, कधी अठरा. ती रोज फोन करते. माप वाढवा म्हणते. विचार चालू आहे म्हणतात. जुना तलाव अजून काठोकाठ आहे. विहिरींचं काय झालं, ते इथं कुणालाच माहीत नाही.

माझी चीर मेणानं किती दिवस तगणार? चिरेतून हवा शिरू लागली की पंपाची ओढ कमी होते आणि मी खोटे आकडे देऊ लागते. मला ते चालणार नाही. शिवलीलालाही नाही. नवी गाळणी मागवली आहे, स्टीलची, आपटली तरी न फुटणारी. तिला मला एवढंच सांगायचं आहे की आपल्या खाली काय पडतं ते सगळे बघतील. आपल्या वर काय राहिलं ते बघायला लाव. कसं, ते मला अकरा वर्षांत जमलं नाही. तुला जमलं तर बघ.

आणि तुम्हाला, जे हे वाचताय. कुणी तुम्हाला झटपट झालेलं काम दाखवलं, तर टाळ्या वाजवण्याआधी एक दिवस थांबा. काटा दुसऱ्या दिवशी उत्तर देतो.

परवा महांतेश आला होता. हॉस्पिटलात पाय दाखवायला आला होता, तिथून रिक्षानं इकडे. कुबड्या बाहेर ठेवून, भिंत धरत आत आला. पिराजीनं खुर्ची दिली.

"तुमी बरोबर करताय ती माती बघायची हाय मला," तो शिवलीलाला म्हणाला.

तिनं मेणाची चीर नीट तपासली, पंपाचा काटा बघितला आणि पिंपातला चिखल घेतला. पहिलं औषध, हळू ढवळणं, माझ्यावर ओतणं, दुसरं औषध. तीन मिनिटं. महांतेश फ्लास्ककडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता. तो माझ्यावरचा शेवटचा केक. शिवलीलानं मला उलटं करून टिचकी मारली. केक तिच्या तळहातावर पडला, तिनं तो त्याच्या हातात दिला.

त्यानं आधी वरून बोट फिरवलं. मग केक मधोमध मोडला आणि आतल्या बाजूला अंगठा दाबला. अंगठा रुतला नाही. माती चुरून त्याच्या पँटवर पडली.

"ही उभी राहील," तो म्हणाला. चुरा झटकला आणि वर बघितलं. "मॅडम, तिकडं आता माझा भाऊ लोडर चालवतो. उद्या तिकडं अशीच येईल काय?"

शिवलीलानं खिशातून फोन काढला आणि खाणीचा नंबर लावला.